रिमच्या आतली खूण

आमच्या घरात धातूची कुठलीही वस्तू कारागिराच्या हाती सोडून निघून यायची पद्धत नव्हती. कल्हईवाला दारात आला की आई पाट टाकून समोर बसायची आणि शेवटचं पातेलं घरात जाईपर्यंत उठायची नाही. सोनाराकडे दोघांनी जायचं. एकाने कामावर डोळे लावायचे, दुसऱ्याने पहिल्याला डुलकी लागू द्यायची नाही. याला कोणी संशय म्हणत नसे, संसार म्हणत. मी त्याच घरातला, वर शाळामास्तर. पोरांच्या पाट्या तपासून तपासून माझा स्वभाव आणखीच खवट झालेला होता.

लढाईचे दिवस होते. धाकट्या बहिणीचं लग्न ठरलं आणि मुलाकडच्यांनी सायकल मागितली. नवी सायकल कुठून आणणार? पार सुरतेपर्यंत निरोप धाडला, तिकडूनही नकारच आला. शेवटी माझीच द्यायचं ठरलं. जुनी चालेल, पण मांडवात चार लोकांत उभी करण्याजोगी दिसली पाहिजे, असं मुलाच्या वडिलांनी बजावलं. तिथेच अडलं. ब्राह्मणपुरी ते शहादा या काळ्या मातीच्या रस्त्याने सायकलच्या चाकांची पार रया गेली होती. रिमवरचा मुलामा पापुद्रे धरून सुटला होता, खाली गंजाचे खड्डे पडले होते, आणि रिमची दोन टोकं जिथे जोडलेली असतात तिथे बोटाला टोचेल असा उंचवटा होता.

शहाद्याला बाजाराच्या टोकाशी, लिंबाखाली, एक जण नुकताच सायकली दुरुस्त करायला बसू लागला होता. सातपुड्यातल्या पाड्यावरचा माणूस, माझ्याच वयाचा. काही वर्षं सुरतेत सायकलच्या दुकानात राबून काम शिकून आलेला. डोंगरातली माणसं आमच्याकडे यायची ती मजुरीला, नाहीतर मोळ्या विकायला. त्यातला एक जण हातात पाना घेऊन बसलाय, हेच लोकांच्या पचनी पडत नव्हतं. माझ्याही पडत नव्हतं, खोटं कशाला बोलू. याला एवढी हत्यारं मिळाली कुठून, हा माझ्या मनात आलेला पहिला प्रश्न. पण जवळपास दुसरा कोणी नव्हता, म्हणून सायकल त्याच्यापुढे नेऊन उभी केली.

त्याने टायर-ट्यूब काढली, रिम नखाने खरवडून पाहिली आणि म्हणाला, "पोलाद कडक शे, गुरुजी. वरला मुलामा गया, आतलं चांगलं शे." मुलामा पुन्हा चढवणं त्याच्या हातात नव्हतं. पण उरलासुरला सगळा काढून, खड्डे घासून, जोड सपाट करून रिम आरशासारखी करून देतो म्हणाला. आठ-दहा दिवस लागतील. मग जरा थांबून म्हणाला, "हाई काम लोके दखतीन. चांगलं व्हयनं तं मी आठे टिकसू. नही तं पाठा डोंगरमा जासू, लाकडं तोडाले."

त्याचं सगळं त्या दोन चाकांवर लटकलेलं होतं, आणि ते त्याने मला तोंडावर सांगितलं. दुसऱ्या कुणाला यात त्याचा सरळपणा दिसला असता. माझ्या मनात पाल चुकचुकली. एवढी गरज असलेला माणूस काय वाटेल ते करेल. माझी रिम कडक पोलादाची आहे हे त्याला कळलंय. लढाईमुळे अशी रिम शोधून सापडत नाही. हा कुठली तरी भंगारातली रिम चकचकीत करून माझ्या गळ्यात मारणार आणि माझी ठेवून घेणार. चिखल धुऊन उद्या आणतो असं सांगून मी सायकल आणि सुटी चाकं बैलगाडीत टाकून घरी घेऊन आलो. आईला सगळं सांगितलं. आई म्हणाली, "समोर बठीसन काम करी ल्हे."

शाळा सोडून आठ-दहा दिवस कसा बसणार? तेव्हा मला एक युक्ती सुचली, आणि त्या युक्तीचा मला फार अभिमान वाटला. आमच्याकडे लग्नात मुलीला द्यायच्या भांड्यांवर नाव घालतात, छिन्नीने ठिपके ठोकून. नाव घालणारा त्या दिवशी आमच्याच ओट्यावर हंडे-कळशा घेऊन बसला होता. मी दोन्ही चाकं त्याच्यापुढे टाकली आणि रिमच्या आतल्या खोबणीत, जिथे ट्यूब बसते तिथे, तीन-तीन ठिपके मारायला सांगितले. तो म्हणाला, हे पितळ नाही मास्तर, छिन्नी बसत नाही. म्हटलं, जोरात मार. त्याने मारले. ठिपक्यांच्या कडेला बारीक दाते उभे राहिले. मला तेच हवं होतं. अंधारात चाचपलं तरी आपली खूण बोटाला लागली पाहिजे.

दुसऱ्या दिवशी सायकल आणि चाकं लिंबाखालच्या त्या माणसाच्या स्वाधीन केली आणि खुणेबद्दल चकार शब्द काढला नाही. तरी सुट्टीच्या दिवशी बैलगाडी करून जायचो आणि त्याच्यासमोर ठाण मांडून बसायचो. तो सायकल उलटी उभी करून चाक बसवी, रॉकेलने गंज भिजवी, बारीक कानस हलक्या हाताने चालवी. मग काचकागद, मग विटेची वस्त्रगाळ पूड तेलात कालवून. सगळ्यात शेवटी एका हाताने पायडल फिरवत दुसऱ्या हाताने कातड्याची पट्टी फिरत्या रिमवर धरून ठेवी, तासच्या तास. मी पहिल्याच दिवशी चाकाखाली वर्तमानपत्र अंथरलं. त्याने विचारलं हे कशाला. म्हटलं, कीस गोळा करतोय. सोनाराच्या दुकानातली सवय मी लोहाराच्या कामाला लावत होतो. लोखंडाचा कीस कोण चोरणार आणि चोरून काय करणार, हे मलाही सांगता आलं नसतं. त्याने कागदाकडे पाहिलं आणि कीस नीट आत पडावा म्हणून तो पायाने थोडा पुढे सरकवला.

काम झालं आणि मी थक्क झालो. जोडावरून नख फिरवलं तरी जोड कुठे आहे ते कळेना. उन्हात धरलं तर डोळे दिपत. बाजारातले लोक थांबून थांबून पाहू लागले, दोघांनी तर आपल्याही चाकांचं विचारलं. त्याचा चेहरा उजळला. आणि माझा संशय, कमी व्हायचा तो, उलट वाढला. माझी गंजकी रिम एवढी गुळगुळीत होईलच कशी? कुठेतरी पाणी मुरतंय.

घरी आलो तो तडक टायर काढायला बसलो. तारांची टोकं ट्यूबला लागू नयेत म्हणून रिमच्या आत एक रबरी पट्टी असते. इथे तिच्यावर आणखी जाड कापड होतं, दुहेरी, घट्ट बांधलेलं. म्हटलं, सापडला चोर, एवढं झाकायला आत आहे काय? कापड फाडून काढलं, पट्टी उचकटली. खाली माझेच तीन ठिपके. दुसऱ्या चाकातही तसंच. दोन्ही रिम माझ्याच होत्या. एवढं पाहूनही माझं समाधान झालं नाही. ते कापड कसलं तरी जुनेर दिसत होतं, वापरलेलं. लग्नाच्या वस्तूत हे असलं फडकं कशाला, म्हणून मी ते उकिरड्यावर टाकलं आणि नुसत्या रबरी पट्टीवर ट्यूब बसवून टायर चढवला.

लग्नाच्या दिवशी सायकल मांडवात उभी होती. बायका रिममध्ये तोंड पाहून हसत होत्या. वऱ्हाडी हात फिरवून पाहत होते. जेवणं उरकल्यावर मित्रांच्या आग्रहाने नवरदेव सायकलवर बसले आणि मांडवाबाहेर एक फेरी मारू लागले. दुपारचं ऊन. दुसऱ्या फेरीला मागची ट्यूब बंदुकीसारखी फुटली आणि नवरदेव शेल्यासकट धुळीत. लागलं काही नाही. पण वऱ्हाड हसलं, मुलाच्या वडिलांचा चेहरा उतरला, आणि माझी बहीण खाली मान घालून बसली ती बसलीच. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

पुढच्या बाजाराच्या दिवशी मी त्या लिंबाखाली उभा राहून शहाद्याला ऐकू जाईल इतक्या आवाजात त्याला चोर म्हटलं. चांगली ट्यूब काढून घेतली आणि कुजकी घातली, असं म्हटलं. पुरावा काही नव्हता, कुणी मागितलाही नाही. मी म्हणालो ना, मग झालं. ज्या दोघांनी चाकं टाकली होती ते तिथल्या तिथे आपापली चाकं उचलून चालते झाले. तो एवढंच म्हणाला, "गुरुजी, ट्यूब काढीसन दखा." मी पाहिली नाही.

सायकल दुरुस्तीसाठी आमच्याकडेच राहिली होती. चार-पाच दिवसांनी मी ट्यूब काढली. फाटलेली जागा रस्त्याच्या बाजूला नव्हती, रिमच्या बाजूला होती. ट्यूब चाकाला लावून धरली. चिरेच्या कडेला दोन बारीक भोकं, आणि ती बरोबर माझ्या ठिपक्यांवर येत होती. रबरी पट्टी तिथेच आरपार गेलेली. आईने विचारलं काय झालं. काही नाही म्हटलं.

त्याच दिवशी धावत गेलो असं लिहिलं असतं तर बरं दिसलं असतं. मी गेलो नाही. एक बाजार तसाच जाऊ दिला. सासरकडच्यांच्या कानावर जाईल, लोक मास्तरला हसतील, अशी कारणं काढली. त्याच्या पुढच्या बाजाराला ट्यूब पिशवीत घालून गेलो. लिंबाखाली तो एकटाच बसला होता. समोर एकही सायकल नव्हती.

मी त्याला ट्यूब दाखवली, खुणेचं सांगितलं. त्याने ती हातातही घेतली नाही. खूण त्याने चाकं हाती आली त्याच दिवशी पाहिली होती. मी विचारलं, मग तिथेच दाते घासून का नाही टाकलेस? तो म्हणाला, घासली असती तर खूण गेली असती, आणि तुम्ही म्हणाला असता चाक बदललं. म्हणून खूण राहू दिली आणि तिच्यावर स्वतःच्या पागोट्याचं कापड दुहेरी करून बांधलं. मी ते कापड कुठे टाकलं, ते सांगायची माझी हिंमत झाली नाही. माझ्या संशयातून सुटायला त्या माणसाला एवढीच वाट उरली होती, आणि ती शोधून काढूनही मी त्याला बुडवलं.

"आते हाईच चार लोकेस्मा सांगा," तो म्हणाला. "बाकी काही नको माले."

मी सांगितलं. भर बाजारात एका गाडीच्या जोखडापाशी उभा राहून ट्यूब वर धरली आणि चूक माझी आहे, हा माणूस सच्चा आहे, असं दोन-दोनदा सांगितलं. लोक जमले. सगळे ओळखीचे, कागदावर अंगठा उठवण्याआधी मला विचारायला येणारे. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग एक म्हातारा शेतकरी समजुतीच्या सुरात म्हणाला, "गुरुजी, ती खूण त्यानीच मारी व्हई. तुम्हले फसाडी ऱ्हायना तो." बाकीच्यांनी माना डोलावल्या. मी म्हटलं, अहो, माझ्या ओट्यावर मारलीय, माझ्या डोळ्यांसमोर. कोणी तरी हसलं. मास्तर मनाचे मऊ, म्हणालं. थोड्या वेळात गर्दी पांगली.

तो हे सगळं लिंबाखाली बसल्या जागेवरून ऐकत होता. उठला, कानशी आणि पाने एका पोत्यात घातले, पोतं खांद्यावर टाकलं. मी म्हटलं, थांब, पुढच्या बाजाराला पुन्हा सांगतो. तो म्हणाला, "नको गुरुजी. तुम्ही सांगी दिन्हं, मी ऐकी लिन्हं." आणि डोंगराच्या वाटेला लागला. मी त्याच्या मागे चार पावलं गेलो. मग थांबलो.

आठवड्याने तो म्हातारा शेतकरी आमच्या दारात आला. त्याच्या खांद्यावर भुईमुगाच्या शेंगांचं अर्धं पोतं होतं, नुकत्याच काढलेल्या शेंगांचं. ओट्यावर ठेवून म्हणाला, "तुम्हनामुळे चोर गया, गुरुजी. घरमा खावाले ऱ्हाऊ द्या." त्याला पुन्हा सगळं पहिल्यापासून सांगायला हवं होतं. आईने पाणी आणलं, तो प्यायला, पीकपाण्याचं बोलला. मी पोतं उचलून आत नेऊन ठेवलं.