शिंकेवरची गोळी

माझ्या नाकाला आंब्याच्या मोहोराचं वावडं आहे. दुसऱ्या कुणाला असतं तर चार रुमाल जास्त धुवावे लागले असते, एवढंच. पण मी पडलो सनई वाजवणारा. माघात मोहोर फुलतो आणि माघातच लग्नांचे मुहूर्त निघतात. मंगलाष्टका चालू असताना कुणी शिंकलं की वरमाय तोंड फिरवते आणि म्हातारी माणसं मुलीच्या नशिबाबद्दल कुजबुजायला लागतात. शिंक म्हणजे अपशकुन, आणि तोही सुपारी देऊन घरी बोलावलेला!

श्रीवर्धनजवळच्या आमच्या गावात देवळातली आणि लग्नातली सनई पिढ्यान्पिढ्या आमच्या घराची. आबांचे, म्हणजे माझ्या वडिलांचे, पुढचे दात पडले आणि त्यांना फुंक धरेना, म्हणून स्वातंत्र्यानंतरच्या चार-पाच वर्षांत कधीतरी सनई माझ्या हातात आली. ते शेजारी बसून संबळ वाजवायला लागले. गाव मला जोखत होतं. आणि पहिल्याच साखरपुड्यात मी लागोपाठ शिंकत सुटलो. आता लग्नात असं झालं तर सनई आमच्या घरातून जाणार, हे मला कुणी सांगायची गरज नव्हती.

आबा स्वतः डॉक्टरांकडे जाऊन पांढऱ्या गोळ्या घेऊन आले. मुंबईहून आलेलं नवं औषध म्हणे. लग्नाच्या दिवशी सकाळी त्यांनीच एक गोळी माझ्या हातावर ठेवली. ''घे. शिंक म्हनून येनार न्हाय.''

शिंक आली नाही, हे मान्य करतो. मांडवावर मोहोरानं लगडलेला आंबा होता, तरी नाक गप्प. पण औषध नाकाचं, आणि त्यानं सगळं अंग धरलं. नवरा मांडवात येईपर्यंत माझी जीभ टाळ्याला चिकटली. सनईच्या टोकाला पानाची पत्ती असते; ती ओठांत ओली राहिली तरच बोलते. पाणी प्यायलो, पत्ती पाण्यात बुडवली, चिंचेचं बुटुक चघळलं. घटकाभर बरं वाटायचं की पुन्हा तोंड ठणठणीत कोरडं. वर डोळ्यांवर झापड. एरवी मुहूर्त जवळ आला की मी पत्ती दहादा तपासतो. त्या दिवशी मी सनई मांडीवर घेऊन, मांडवाच्या खांबाला टेकून, चक्क झोपलो.

शेवटचं 'सावधान' झालं, अंतरपाट दूर झाला, अक्षता उडाल्या. आबांचा संबळ कडाडला आणि त्यांनी मला कोपरानं ढोसलं. दचकून उठलो, तोल गेला, सावरलो, फुंकलो. फुस्स. पुन्हा फुंकलो तर असा चिरका आवाज निघाला की नवरीनंही मान वळवून पाहिलं.

दिवस दारूबंदीचे होते, पण माडी कुठे मिळते ते गावात पोराटोरांना ठाऊक होतं. नवरीचा काका सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलला, ''सकालीच घेतलीन वाटतं!'' मी ''न्हाय हो'' म्हणायला गेलो, तर जीभच वळेना. ते बोबडं बोलणं ऐकून सगळा मांडव हसला. असा संताप आला! जन्मात माडीचा थेंब न घेतलेला माणूस मी, आणि बाजू मांडायला मला धड तोंडही उरलं नव्हतं.

आबांनी संबळ बाजूला ठेवला आणि माझी हनुवटी धरली. ''तोंड उघड.''

लग्न झालेला, एका मुलाचा बाप होतो मी. वऱ्हाडासमोर तोंड उघडलं. त्यांनी नाक जवळ आणून वास घेतला. थांबले. पुन्हा एकदा घेतला. मग वळून मोठ्यानं म्हणाले, ''प्यालेला न्हाय.''

काही उपयोग झाला नाही. पुढच्या लग्नाला गावानं तळा गावाहून सनईवाला आणला.

मी तडक डॉक्टरांकडे गेलो. ते शांतपणे म्हणाले, ''हो, तोंड सुकतं, झोप येते. कुणाकुणाची लघवीही अडते. चालायचंच. तुम्ही करता काय?'' सनई वाजवतो म्हटल्यावर त्यांना हसू आवरेना. अहो, मग गोळ्या देतानाच आबांना हे सांगायला काय झालं होतं? उरलेल्या गोळ्या मी येतानाच खाडीत फेकल्या.

घरी येऊन आबांना सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि अगदी समाधानानं म्हणाले, ''म्हनून तर सगल्यांसमोर वास घेतला. तुझी अब्रू राखली मी.''

गोळी त्यांनीच दिली होती, हे माझ्या ओठांवर आलं होतं. मी सनई पुसायला घेतली. पहिल्यांदा वास त्यांनी लोकांसाठी घेतला, हे मी आजही मानतो. दुसऱ्यांदा कुणासाठी घेतला, ते मात्र त्यांना कधी विचारलं नाही.