लांबीखालचा गंज

गेवराईच्या रस्त्यावर जुन्या ट्रॉल्या विकणाऱ्या व्यापाऱ्याने मला फसवले आणि त्यात माझ्या धाकट्या भावजयीचा पाय गेला.

मी शिरूर कासारचा. ऊस तोडत तोडत मुकादम झालो. दरवर्षी माणसे घेऊन कारखान्यावर जातो. जुने लोखंड घेताना हातोडी बरोबर ठेवतो. चांगले लोखंड खणखणते, गंजलेले बद्द वाजते. त्या दिवशीही चाके, तळ, बाजूचे फाळके सगळे ठोकून पाहिले आणि भाव पाडून त्याला घाम फोडला. राहिला तो पुढचा दांडा, ट्रॉली ट्रॅक्टरला जोडायचा. त्यावर त्याने आधीच हळदीकुंकू लावून हार घातला होता. मी हातोडी उचलली तशी म्हणाला, "मुकादम, पूजलेल्या दांड्यावर घाव घालता का? बाया-लेकरं बसायचीत ट्रॉलीत."

आमच्यात पूजलेल्या वस्तूला चुकून पाय लागला तरी हात जोडतात. मी हातोडी खाली घेतली. ती मी खाली घेणार, हे त्याला पक्के ठाऊक होते.

कारखान्याकडे जाताना चढावर दांडा तुटला. ट्रॉली मागे घसरून नाल्यात कलंडली आणि भावजय फाळक्याखाली सापडली. दांड्याचा तुकडा हातात घेतला तर आतून पापुद्रे गळत होते. त्या ट्रॉलीतून वर्षानुवर्षे खत वाहिलेले. खताने लोखंड खाल्ले होते आणि खड्ड्यांत लांबी, म्हणजे रंगाऱ्याची पुट्टी, भरून वर निळा रंग मारला होता.

ऊसतोडीत नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात. ती पडली तसा भावाचाही कोयता मोडला. आता ती भिंत धरून चुलीपर्यंत जाते.

तुकडा घेऊन मी व्यापाऱ्याकडे गेलो.

"गंज समद्याच लोखंडाला लागतो, मुकादम. त्याला मी काय करू?"

"गंज आपोआप लागला असंल. लांबी कुणी भरली बे?"

"जुना माल हाय. लई घासाघीस करून नेलता तुमी."

"घासाघीस भावाची केलती. पायाची न्हाई."

मग त्याने चहा मागवला आणि काही पैसे घेऊन मिटवून टाका म्हणाला. आयुष्यभर मी भाव करत आलो, पण त्या बोलण्याला बसलो नाही. चहाही तसाच ठेवला. आधी त्याने आमच्या ओसरीवर यावे. आत लोखंड सडले आहे हे दिसत असताना त्या दांड्यात लांबी कोणी भरायला लावली, ते भावजयीच्या तोंडावर सांगावे. बाकीचे त्यानंतर बोलू.