क्लबचा फॉर्म मी वाचला होता

अम्मी कोलंबी सोलायला जायची, बोटं कायम फुगलेली. बाबांना सहीपुरतंच येत होतं. घराण्यात पहिला मी बी.कॉम. झालो आणि अख्ख्या मोहल्ल्याचे कागद माझ्याकडे यायला लागले. गल्फला निघालो त्या सकाळी एसटीच्या खिडकीला हात लावून अम्मी म्हणाली, "तू वाचतोस म्हणून आम्ही सही करतो रे."

अबू धाबीत रीम आयलंडला फ्लॅट घेतला तेव्हा एक खोली धाकट्या इम्तियाजसाठी ठेवली. तो स्पेनला हॉटेलात भांडी घासत होता. इथे त्याची नोकरी मी जवळजवळ पक्की केली होती.

एकदा त्याने व्हॉट्सॲपवर चार पानं पाठवली. गांजा ओढणाऱ्यांच्या तिथल्या खासगी क्लबचा इंग्रजी फॉर्म. "भाय, लफडं तर नाही ना? ड्यूटीनंतर झोपच लागत नाही. इथले सगळे मेंबर आहेत."

मी दोन मीटिंगच्या मधे पहिलं पान वाचलं. विक्री नाही, फक्त सभासदांत, बंद दाराआड. 'मला नक्की माहीत नाही' असं लिहायला हवं होतं. पण तसं मी कधी कुणाला म्हटलंच नव्हतं. लिहिलं, "लीगल आहे. कर सही."

"ग्रॅज्युएट साहेबांनी पास केलं, खलास!"

चौथं पान मी नंतर वाचलं, तो नोकरीसाठी इथे येताना एअरपोर्टवर पकडला गेल्यावर. क्लबच्या दाराबाहेर काही न्यायचं नाही, असं तिथे साफ लिहिलं होतं. त्याच्या जॅकेटात छोटी पुडी निघाली. त्याने ऑफिसरसमोर क्लबचं कार्ड धरलं, म्हणे, माझ्या भायने वाचलंय. इथे तर दाराच्या आतही गुन्हाच. इतकी वर्षं इथे राहून ते मला ठाऊक होतं. त्याला बजावायचं सुचलं नाही. तो जेलमध्ये राहिला, मग डिपोर्ट झाला. पुन्हा या देशात पाय ठेवता येणार नाही.

तुम्ही गावाकडचे विचारता ना, इम्तियाज का परतला? हे त्याचं उत्तर. त्याला बोल लावू नका.

आता तो होड्यांची इंजिनं दुरुस्त करतो. व्हिडिओ कॉलवर दिसतं, कागद आला की अम्मी त्याच्यापुढे ठेवते. नववी नापास तो, पण ओळीवर बोट ठेवून शेवटपर्यंत वाचतो. मला कुणी विचारत नाही. घर म्हणजे माझी वाट बघणारा कागद होता, तो गेला.

अम्मीचे हात आता कोलंबीत नाहीत. तेवढं मी केलं.