नाइस एडना

आमच्या सफोक परगण्यात, इंग्लंडाच्या पूर्वेला, ‘नाइस’ हा शब्द चहातल्या दुधासारखा सगळ्यात पडतो. हवा नाइस, केक नाइस, मयतसुद्धा नाइस. पण लॅटिनातून निघाला तेव्हा त्याचा अर्थ होता, काही न कळणारा. फ्रेंचांच्या घरून इंग्लंडात उतरला तो चक्क बावळट म्हणून. मग लाजरा झाला, मग नको तितका चोखंदळ, मग काटेकोर, आणि म्हातारपणी गोड.

थेट आमची एडना थर्कल.

पोरवयात तिने कोंबडीखाली उकडलेली अंडी उबवायला ठेवली होती. लग्नात इतकी लाजली, की तिचा होकार ऐकायला पाद्रीबुवांना वाकावं लागलं. संसारात नवऱ्याने सोललेला बटाटा ती पुन्हा सोलायची. आणि पन्नाशीनंतर गावच्या उन्हाळी प्रदर्शनात जॅमची परीक्षक झाली. वर्षातून एक दिवस अख्खा गाव तिच्या जिभेकडे बघायचा. त्या एका मानावर तिचा जीव.

बरण्यांवर नावं लिहीत नाहीत. पण झाकणावरच्या फडक्यावरून कुणाची कुठली ते गावातल्या कुत्र्यालाही कळतं. निळ्या चौकडीचं फडकं प्रदर्शनाच्या अध्यक्षीण पेटिफरबाईंचं. एका वर्षी प्रदर्शनाच्या तंबूत त्या एडनाला खेटून उभ्या राहिल्या.

“एडना, यंदा कुणी म्हणतात परीक्षक बदला. मी म्हटलं, बघू. तो प्लमचा चाखलास का गं?”

“चाखते की, बाईसाहेब.” तिने चमचा चाटला. “नाइस आहे.”

“मग पहिला नंबर?”

“ही चव झाली. आता बसलाय का ते बघायचं.”

एडनाची रीत अशी, की चाखून झालं की उघडी बरणी उपडी धरायची. नीट आटलेला जॅम जागचा हलत नाही.

“माझी राहू दे.”

“सगळ्यांच्या केल्या. तुमचीच ठेवली तर लोक तुम्हाला नावं ठेवतील.”

जॅम थेट बाईंच्या पांढऱ्या बुटांवर. तंबूत कुणी हसलं नाही. सगळ्यांना एकदम खोकला आला.

एडनाची परीक्षकी गेली. पुढच्या वर्षी शहरातून कुणी साहेब आले, पण गावातल्या बायकांनी जॅमच मांडला नाही. सगळा नेला एडनाच्या स्वयंपाकघरात, निकाल तिच्या तोंडून ऐकायला. संध्याकाळी मागच्या दाराने पेटिफरबाई आल्या.

“किती वेळ आटवतेस गं?”

“बसा,” एडना म्हणाली. “आधी हात धुवा.”