धुळ्याला गेलेली कणीक

रविवारी सकाळी आमच्या ह्यांनी परातीतली कणकेची एक लाटी उचलली, प्लास्टिकच्या पिशवीत बांधली आणि शर्टाच्या खिशात ठेवली. कुठे चाललात विचारलं तर म्हणाले, "धुळ्याला. प्लगचं काम आहे." मोटारसायकलच्या प्लगला कणीक लागते हे मी जन्मात ऐकलं नव्हतं. "थांबा, मीही येते," म्हटलं आणि गॅस बंद केला.

संशय काही त्याच दिवशी आला नव्हता. गाडी माझ्या वडिलांची, आबांची. अमळनेरच्या तेलाच्या कारखान्यात त्यांनी फिटर म्हणून उभा जन्म काढला आणि ही गाडी पोटच्या पोरीपेक्षा जपली. हे मी पोटची पोर म्हणून सांगते. अशा जुन्या गाड्या शोधत आता पुण्या-मुंबईचे शौकीन येतात, सुटे भागसुद्धा उचलतात. गाडी बंद पडली म्हणून आबांनी ती जावयाच्या ताब्यात दिली, आणि थोड्याच दिवसांत तिचं मूळ हेड, म्हणजे इंजिनाचं वरचं झाकण, गायब झालं. जागी बाजारातलं डुप्लिकेट हेड आलं. "फुटलं," एवढंच ह्यांचं उत्तर. कसं फुटलं विचारलं की पेपर उघडायचे. आबांचा फोन आला की पहिलं वाक्य जावयाने हेड विकल्याचंच: "मन्ही गाडीनं हेड त्यानी इकी टाकं." मी नवऱ्याची बाजू घ्यायचे, पण मनात म्हणायचे, कुठेतरी पाणी मुरतंय.

त्यात हे प्लगचं निमित्त. नव्या हेडला म्हणे बरोबर प्लग मिळत नव्हता. जळगावातले दुकानदार "सगळे सारखेच, बसवा बिनधास्त" म्हणत एकेक प्लग गळ्यात मारायचे, आणि हे तो घेऊन, गाडी तिकडे दुरुस्तीला आहे म्हणत, धुळ्याची एसटी धरायचे. बोटाएवढ्या प्लगसाठी माणूस इतक्या वेळा धुळ्याला जातो? गिऱ्हाईक तिकडचंच असणार, आणि आता उरलेली गाडीही जाणार, अशी माझी खात्री झाली होती. एसटीत मी त्यांच्या खिशाकडेच बघत होते.

धुळ्यात हायवेजवळ एका लेथवाल्या चाचांच्या शेडमध्ये गाडी उभी होती. ती बघून हायसं वाटलं, मग वाटलं, बाकीचे भाग तरी आपलेच आहेत ना? प्लग आत किती खाली उतरतो ते बघायला चाचांनी पिस्टनच्या डोक्यावर तेलाचं बोट फिरवलं, कणीक थापली, प्लग लावलेलं हेड वर आवळलं, इंजिन हाताने हळूच फिरवलं आणि हेड पुन्हा उघडलं. जुन्या मापाच्या प्लगचा कणकेवर ठसाच नाही. नवं हेड जाड, म्हणून प्लग भोकातच लपलेला. लांब आट्यांच्या प्लगने कणकेला आरपार भोक पाडलं. "चालू केली असती तर पिस्टन गेला असता," चाचा म्हणाले. मधल्या मापाच्या प्लगने खळगा पडला, पण खाली पोळीच्या जाडीएवढी कणीक शिल्लक राहिली. हा बरोबर बसला. कणीक माझीच होती, त्यामुळे मला त्यात खोट काढता येईना.

"मग जुनं हेड कुठंय?" मी विचारलं.

"उशीर होतोय, चल," हे म्हणाले. पण चाचांनी फळीवरून ते काढून माझ्या हातात दिलं. भोकापासून कडेपर्यंत तडा. भोकात अर्धा तुटलेला प्लग, त्याच्या आट्यांत जळका धागा आणि पांढरा कडक लेप.

"ताई, प्लगला कोण धागा न् सफेदा लावतं?" चाचा म्हणाले. "हा काय नळ आहे? लेप आत भाजून दगड झाला, प्लग काढताना हेड गेलं."

"मीच लावला होता," हे पटकन म्हणाले.

आमच्या घरी नळ गळला तर हे खाली बादली ठेवतात आणि प्लंबरला फोन करतात. सफेदा कशाशी खातात हेही त्यांना ठाऊक नाही. आटे दिसले की धागा गुंडाळून सफेदा फासायचा, ही कारखान्यात पाइप जोडून जोडून आबांच्या हाताला लागलेली सवय. माझ्या सायकलच्या पंपालाही त्यांनी तो फासला होता. मी ह्यांच्याकडे बघितलं. ते गाडीची टाकी पुसत होते. मला भरून आलं आणि रागही आला, की निदान मला तरी सांगायचं.

"आबांना बोलू नकोस," ते हळूच म्हणाले. "फिटर माणूस. जीव जाईल त्यांचा."

चाचांनी कणीक पुसून हेड पक्कं आवळलं, किक मारली, गाडी फुरफुरली आणि आम्ही तिच्यावरच अमळनेर गाठलं. आबा ओट्यावर होते. आवाज ऐकून उठले, जवळ आले, इंजिनावरून हात फिरवला.

"हेड मन्हं नही."

"आबा, ते फुटेल व्हतं. मी सोता देखं," मी म्हटलं.

"कोनी फोडं?"

फिटरचा तो हात अजून हेडवर होता, आणि मला त्याच्याकडे बघवेना. "कोनी नही. आपोआप."

आबांनी गाडीची किल्ली काढून बंडीच्या खिशात टाकली.

"तू बी त्याले सामील शे," ते म्हणाले.

मी नाही म्हटलं नाही.