चौथं मशीन

छापखान्यातल्या सगळ्यांचे ते मशीनमामा. छत्तीस वर्षं त्यांनी एकाच छपाईयंत्राशी संसार केला. कागद अडकायच्या आधीच त्यांना आवाजावरून कळायचं. त्या धडधडाटात कान गेले, पण बायको होती तोवर अडलं नाही. ती ठणाणा बोलायची, शेजाऱ्यांनाही फुकटात बातम्या मिळायच्या. तीन वर्षांपूर्वी ती गेली आणि घर चिडीचूप झालं.

मुलगा परगावी. फोनवर मामा भलतीच उत्तरं देऊ लागले, तेव्हा त्याने फर्मान काढलं, "बाबा, कानाचं मशीन घ्या. पैशाचं मी बघतो."

दुकानातल्या ताईने मामांना छोट्या बंद खोलीत बसवलं, कानात मशीन घातलं आणि ओठ दिसू नयेत म्हणून तोंडासमोर कागद धरला. ती एकेक शब्द म्हणायची, मामांनी तो परत म्हणायचा. उशी. मावशी. खिडकी. बायको गेल्यापासून इतका वेळ त्यांच्याशी कुणी बोललं नव्हतं.

"महिनाभर वापरून बघा, मामा. नाही पटलं तर दुसरं देऊ," ताई म्हणाली.

घरी आल्यावर मामांनी कान टवकारले. फ्रिजची घरघर, पंख्याची कुरकुर, स्वतःच्याच चपला. इतके दिवस वाटायचं, कानांमुळे घर गप्प आहे. कान आले तरी घर गप्पच!

चौथ्या दिवशी ते दुकानात हजर. "ताई, उजवीकडे कागद घासल्यासारखं होतंय." यंत्राची तक्रार कशी मांडावी, हे मामांना कुणी शिकवायला नको. ताईने मशीन जुळवलं आणि पुन्हा शब्द म्हटले. मग दर चार दिवसांनी नवं दुखणं, दर महिन्याला नवं मशीन. आपण त्या शब्दांसाठी जातो, हे स्वतःशी कबूल करायचीही त्यांना लाज वाटे.

मुलगा वैतागला. "बाबा, आईला पसंत करायला तरी एवढा वेळ लावला होतात का?"

"तिला बदलून देत नव्हते रे," मामा म्हणाले.

चौथं मशीन दुकानातलं शेवटचं होतं. त्याचाही महिना भरला. या खेपेला चार-पाच शब्द मुद्दाम चुकवायचे, असं मामा रस्ताभर घोकत आले. पण जन्मात कधी खराब कागद बाहेर जाऊ दिला नव्हता. नीट ऐकलेला शब्द चुकीचा म्हणायला जीभ उचलेना. पंचवीसपैकी पंचवीस बरोबर आले.

ताई खूश झाली. "झकास बसलंय, मामा! आता तुम्हाला इथे यायची काही गरज नाही."

अक्षर न् अक्षर स्वच्छ ऐकू आलं. तरी मामांनी कानामागे हात धरला.

"काय म्हणालात?"

ताईने तेच पुन्हा, जरा मोठ्याने सांगितलं.