बेचईचा उसना खून

पोर्ट ब्लेअरच्या काळ्या पाण्याच्या टापूवर खुन्याला जो मान होता, तो साहेबाच्या घोड्यालाही नव्हता. खून म्हणजे एकदा डोकं फिरलं, हात उठला, संपलं. पुढे तो माणूस गाईसारखा गरीब. म्हणून बंगल्यांवर साहेबांची पोरं खेळवायला खुनी, आणि मडमेच्या चमच्यांची राखण करायलाही खुनीच. चोराला मात्र कुणी ओट्यावर टेकू देत नसे. "चोर तो चोर! खानदानी माणसाचं कामच नव्हे ते," असं खैराती शिंपी सुईत दोरा ओवता ओवता म्हणायचा. स्वतः दोन सख्खे चुलते कापून आलेला. त्याच्या शब्दाला वजन होतं.

बेचई कहाराला हा रिवाज जहाजातून उतरल्या दिवशीच कळला आणि त्याची पाचावर धारण बसली. कारण बेचई चोर होता, आणि चोरांतही हलक्या जातीचा. गाझीपूरच्या वाटेवर तो वाटसरूंना सातूच्या पिठात धोतऱ्याचं बी कालवून द्यायचा आणि ते घोरायला लागले की गाठोडी उचलायचा. मेलं कुणीच नाही. दोन दिवसांनी डोळे चोळत उठले आणि रांगेने साक्षीला उभे राहिले.

त्यात बेचईच्या अंगात गुण एकच, तो म्हणजे स्वयंपाक. धोतरेवाल्याच्या हातचं कोण खाणार? तेव्हा त्याने पहिल्याच आठवड्यात एक खून पैदा केला. जमीनदाराच्या कारभाऱ्याने म्हणे त्याच्या म्हशीला काठी मारली, याने कोयता उचलला. पहिल्या वर्षी घाव एक होता. चौथ्या वर्षी तीन झाले. दहाव्या वर्षापर्यंत कारभाऱ्यासोबत त्याचे दोन लाठीवाले लठैतही पडले होते आणि म्हैस गाभण झाली होती. वस्तीतल्या कुठल्याही पंगतीला बेचईशिवाय चूल पेटत नसे.

अकराव्या वर्षी त्याला टिकट मिळालं. म्हणजे बराकीतून सुटका, स्वतःची झोपडी, तुकडाभर जमीन आणि बायको करायची परवानगी. सोमवारी टिकटवाले डोक्याला खोबरेल थापून बायकांच्या तुरुंगात जायचे. अंगणात बायका बसलेल्या, मध्ये रामकली जमादारीण काठी घेऊन उभी. कुणी पसंत पडली तर तीन सोमवार बोलायचं. शेवटचा शब्द बाईचा. बाई नाही म्हणाली तर पुरुषाने वर्षभर तोंड दाखवायचं नाही.

बेचईला सुगनी आवडली. मिर्झापूरची, ठसठशीत, मनगटं अशी की नारळ नुसता दाबून फोडेल.

"कशाबद्दल?" बेचईने रीतीप्रमाणे विचारलं.

"थोरला दीर. वरवंटा," सुगनी भाजीचा भाव सांगावा तशी म्हणाली. "तुम्ही?"

"कारभारी. कोयता," बेचई छाती फुगवून म्हणाला, आणि कधी नव्हे ते त्याला स्वतःचीच लाज वाटली. पण लाज गिळून त्याने स्वतः तळलेल्या गोड पुऱ्यांची, ठेकुआची पुडी पुढे केली.

तीन सोमवार त्याने गूळ-नारळाचे ठेकुए नेले. तिसऱ्या सोमवारी सुगनी पुडी बांधता बांधता म्हणाली, "झोपडीचं छप्पर गळतं का?" झालं! गडी घरी येऊन छपरावर चढला तो दोन दिवस उतरलाच नाही.

पण एक गोष्ट बेचईला ठाऊकच नव्हती. लग्नाआधी कचेरीतला मुनशी दोघांचे शिक्षेचे कागद मोठ्याने वाचून दाखवायचा, म्हणजे मागाहून कुणी "मला फसवलं" म्हणून रडायला नको. बेचई आजवर प्रत्येक लग्नाला गेला होता, पण चुलीपाशीच. मुनशीच्या टेबलाशी काय चालतं ते त्याने कधी पाहिलंच नव्हतं.

साक्षीदार म्हणून खैराती नवा अंगरखा घालून आला होता. मुनशीने आधी सुगनीचा कागद वाचला. दीर, वरवंटा, जन्मठेप. खैरातीने कौतुकाने मान डोलावली. मग मुनशीने चष्मा सारखा केला. "बेचई कहार. अन्नात धोतरा घालून... लूट."

"मुनशीजी, कागद बदलला असेल," खैराती हसत म्हणाला. "याचा कोयता आहे."

"कोयता-बियता काही नाही. सातू आहे."

खैराती खुर्चीवरून ताडकन उठला. "अरे हरामखोरा! अकरा वर्षं माझ्या शेजारी बसून तू माझा हुक्का ओढलास? चोरा!"

"चाचा, मी..."

"चाचा म्हणू नकोस! माझ्या चुलत्यांची शपथ आहे तुला!"

रामकली जमादारीण सुगनीचा दंड धरून म्हणाली, "चल पोरी. नाही म्हण आणि चल. चोराच्या घरी नांदायचंय का तुला?"

बेचई जमिनीकडे बघत उभा. वर्षभराची बंदी त्याला दिसत नव्हती. शाकारलेलं छप्पर दिसत होतं.

सुगनी हलली नाही. "मेलं कुणी?" तिने विचारलं.

"नाही," बेचई खालमानेने म्हणाला. "सगळे उठले."

"सगळे?"

"एक म्हातारा जरा उशिरा उठला. पण उठला."

सुगनीचं तोंड हसू दाबून वाकडं झालं. "तीन सोमवार मी खाल्लं, त्यात काय होतं?"

"गूळ. नारळ. बडीशेप. आईची शप्पथ."

"मौसी, हात सोड," सुगनी जमादारणीला म्हणाली. "एक माणूस मारून सात वर्षं झाली, अजून तो माझ्या स्वप्नात येतो. याची सगळी माणसं आपापल्या घरी गेली. मला असलाच नवरा हवा." मग ती बेचईकडे वळली. "पण खोट्या खुनाची बायको मी होणार नाही. आज वस्तीत दारोदार जाऊन सांगायचं, मी धोतरेवाला म्हणून. एक घर चुकलं तरी माझा नकार."

सत्तेचाळीस घरं होती. बेचई सकाळपासून दुपारपर्यंत फिरला. कुणी दार आपटलं, कुणी खरकटं अंगावर टाकलं, खैरातीने पाठ फिरवून शिवणकाम चालू ठेवलं. शेवटच्या घरून परतला तेव्हा सुगनी मुनशीच्या पायरीवर बसून होती. ती उठली, आत गेली आणि कागदावर अंगठा उठवून आली.

लग्नाच्या पंगतीला जेमतेम सात माणसं आली, तीही पानाला बोट न लावता बसून राहिली. दुसऱ्या दिवशी पहाटे मात्र दार वाजलं. बाहेर जंगलतोडीच्या टोळीतले तिघे उभे होते.

"बेचईभय्या," एक जण इकडे तिकडे बघत कुजबुजला, "आज गर्जनाच्या झाडाचा मोठा बुंधा ओढायचाय. जरा ते सातूचं पीठ... फार नको, कामाला न जाता दोन दिवस पडून राहण्यापुरतं."

आतून सुगनी ओरडली, "त्यांना म्हणावं, वरवंटा मोकळाच आहे!"